साठीनंतर विरळ हवेतली झोप आणि रक्तातील ऑक्सिजन

उत्तररात्र

आम्ही दोघे भाऊ, मी ६८ वर्षांचा आणि दादा ७३ वर्षांचा, नुकतेच समुद्रसपाटीपासून ३,५०० मीटर उंचीवर आठ रात्री राहून आलो. दोघांनीही हृदयाची तपासणी करून घेतली होती, दोघांनाही रोज पाचसहा किलोमीटर चालण्याची सवय आहे आणि वर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आम्ही विश्रांतीखेरीज काहीही केले नाही. दिवसा, बसल्या जागी, दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे छोटे यंत्र) लावला की ८७ किंवा ८८ आकडा दिसे आणि माझा ८९ असे. त्या उंचीला एवढी घट अपेक्षित असते हे वाचून गेलो होतो, त्यामुळे काळजी वाटली नाही.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, कारण शेजारच्या खाटेवरून दादाच्या श्वासाचा आवाज येईनासा झाला होता. विजेरीच्या उजेडात त्याच्या छातीकडे पाहत मी घड्याळ हातात घेऊन बसलो. आधी चारपाच श्वास, प्रत्येक आधीच्यापेक्षा खोल. मग उथळ होत गेलेले दोनतीन. आणि मग दहाबारा सेकंद काहीच नाही. पुन्हा एक मोठा श्वास आणि तेच चक्र. एक फेरा साधारण २५ सेकंदांत पुरा होत होता. ऑक्सिमीटर हळूच बोटाला लावला तर ८१, ७८, ७४, पुन्हा ७९ असा आकडा खालीवर होऊ लागला. गोंधळात टाकणारी गोष्ट ही की दादाचा श्वास थांबलेला असताना आकडा चढत होता आणि तो मोठमोठे श्वास घेऊ लागला की घसरत होता. शेवटी मी त्याला उठवले. उठून बसल्यावर पाच मिनिटांत आकडा ८६ वर आला. डोके दुखत नव्हते, खोकला नव्हता, बोलणे स्वच्छ होते. "मला काय झालंय?" एवढे विचारून तो परत झोपला आणि मी मात्र उजाडेपर्यंत जागा राहिलो.

पुढच्या रात्रींत त्याचा आकडा हळूहळू सुधारला, पण श्वासाचे ते थांबणे शेवटपर्यंत होतेच. माझ्या बाबतीत असे काही घडले का, हे सांगायला कोणी जागे नव्हते. दिवसा ८८ असलेला माणूस झोपेत ७४ पर्यंत का जातो, यात वयाचा वाटा किती आणि उंचीचा किती, आणि त्या रात्री मी काय करायला हवे होते, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याची दादाची तीव्र इच्छा आहे आणि त्याला 'नको' म्हणण्यापूर्वी माझ्याकडे त्याचे खरे कारण असावे, असे मला वाटते.

श्वासपट

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तुमची नोंद फार काळजीपूर्वक केलेली आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो.

उंचीवरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा खालच्याइतकाच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो आणि ३,५०० मीटरवर तो ५०० च्या आसपास उतरतो. नाकातोंडातून जाताना हवा ओलसर होते, त्या वाफेचा ४७ मिलिमीटर दाब वजा केला, तर आत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब खाली सुमारे १५० आणि वर सुमारे ९५ उरतो. फुप्फुसातून धमनीत पोहोचेपर्यंत तो आणखी खाली येतो आणि निरोगी माणसाच्या रक्तातही त्या उंचीला ५० च्या आगेमागेच भरतो.

तुमच्या प्रश्नाचे मर्म पुढे आहे. रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिमीटरवर दिसणारी टक्केवारी यांचे नाते सरळ रेषेचे नाही. त्याचा आलेख काढला तर तो वरच्या अंगाला पठारासारखा सपाट असतो आणि दाब साठच्या खाली गेला की घाटासारखा उतरू लागतो. पठारावर दाब ९५ वरून ८५ वर आला, तरी टक्केवारी एखाद्या अंकानेच हलते. घाटात मात्र दाब ५० वरून ४४ वर आला, म्हणजे केवळ सहा मिलिमीटर घटला, की टक्केवारी सुमारे ८५ वरून ७९ पर्यंत येते. झोपेत प्रत्येकाचा श्वास थोडा मंदावतो आणि दाब काही मिलिमीटरने उतरतो. आपण सारे रोज रात्री ही घट अनुभवतो, पण पठारावर असल्यामुळे ती दिसत नाही. वर गेल्यावर तीच घट घाटात होते आणि आकडा आपल्याला दचकवतो.

आता वयाचे पाहू. तिशीतल्या माणसाच्या धमनीतला ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीला ९० च्या वर असतो. सत्तरीत तो निरोगी माणसातही ८० च्या आसपास येतो. फुप्फुसांची लवचीकता वयानुसार कमी होते, बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो आणि तळाकडच्या बारीक श्वासवाहिन्या उच्छ्वास पुरा होण्याआधीच मिटू लागतात. त्या भागांतून रक्त वाहत राहते, पण तिथे ताजी हवा पोहोचत नाही. आडवे झाल्यावर हे वाढते, कारण पोटातील अवयव छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतात आणि फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. उताणे पडले असता हे मिटणे चाळिशीच्या मध्यावरच सुरू होते, उभे असताना साठी उलटल्यावर. म्हणजे दादा खाली घरी असतानाही पठाराच्या कडेच्या जवळ आलेला होता, फक्त ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. दिवसा बसून घेतलेला ८८ हा आकडा रात्री आडव्या स्थितीत झोपलेल्या माणसाबद्दल फारसे सांगत नाही, आणि माझ्या मते अनेक ज्येष्ठांची फसगत नेमकी इथेच होते.

मध्यमा

वरील प्रतिसाद वाचून असे वाटते की पासष्टीनंतर उंचीवर मुक्काम करूच नये. वयाची काही मर्यादा ठरलेली आहे का?

कातळवाट

अशी मर्यादा ठरलेली नाही आणि ती असावी असेही मला वाटत नाही. मी बरीच वर्षे पन्नाशीपुढच्या लोकांना डोंगरात नेत आलो आहे. उंचीवर होणारी डोकेदुखी, मळमळ, चक्कर हा जो त्रास आहे, तो ज्येष्ठांना तरुणांपेक्षा अधिक होतो असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. काही अभ्यासांत तो उलट कमीच आढळला आहे. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि कवटीत सुजेला थोडी जागा मिळते, असे एक स्पष्टीकरण त्यासाठी मांडले जाते. ज्येष्ठ मंडळी चढताना घाई करत नाहीत, हे माझ्या नजरेतले दुसरे कारण. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ साली ८० व्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, अर्थात सोबत ऑक्सिजनचे नळकांडे, मोठे पथक आणि डॉक्टर होते. हे उदाहरण कोणी अनुकरणासाठी घेऊ नये, पण वय हा एकटाच अडथळा नसतो, एवढे त्यातून नक्की कळते.

ज्येष्ठांच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे. त्यांच्यासोबत रक्तदाब, हृदयाच्या वाहिन्या, दमा, जुने धूम्रपान आणि औषधांची पिशवीही वर येते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी, घेणाऱ्याचे हृदय ऑक्सिजन घटल्यावर जितक्या वेगाने धावायला हवे तितके धावू शकत नाही, आणि अशी व्यक्ती स्वतःहून ते सांगत नाही, कारण तिला ते जाणवतच नाही.

चढाईच्या बाबतीत जो नियम सगळ्यांना लागू आहे तो ज्येष्ठांनी अधिक कसोशीने पाळावा. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि दर तीनचार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा. यात 'झोपण्याची जागा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिवसा तुम्ही कितीही वर जाऊन या, हिशेब रात्रीचा असतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात आल्मा नावाची मोठी रेडिओ दुर्बीण सुमारे ५,००० मीटर उंचीवर उभारलेली आहे, पण तिथे काम करणाऱ्यांच्या राहण्याझोपण्याची सोय खाली २,९०० मीटरवर केलेली आहे. वरच्या काही खोल्यांत हवेत ऑक्सिजन मिसळण्याची व्यवस्था आहे. खोलीतील ऑक्सिजनचे प्रमाण एका टक्क्याने वाढवले, तर शरीराच्या दृष्टीने आपण सुमारे ३०० मीटर खाली उतरल्यासारखे होते.

निद्रानोंद

मी झोपेच्या तपासणीचे तंत्र सांभाळते. त्या रात्री आकडा उलटा का दिसत होता, ते सांगते. फुप्फुसात ऑक्सिजन मिळालेले रक्त बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि यंत्र काही सेकंदांची सरासरी काढून मगच आकडा दाखवते. हात गार असतील तर हा उशीर आणखी वाढतो. म्हणजे तुम्हाला दिसलेला ७४ हा आधीच्या थांब्याचा हिशेब होता. चक्र २५ सेकंदांचे आणि उशीर पंधरावीस सेकंदांचा असला, की आकडा आणि छाती एकमेकांच्या विरुद्ध चालल्यासारखे दिसतात. शिवाय बोटाचे ऑक्सिमीटर ७० ते १०० या पट्ट्यात साधारण दोनतीन अंकांच्या फरकाने विश्वासार्ह असतात. नखांना गडद रंग असेल, बोटे थंड असतील किंवा त्वचा सावळी असेल तर फरक वाढू शकतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवायला हवे.

तुम्ही वर्णन केलेल्या श्वासाला नियतकालिक श्वसन म्हणतात. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी १८९० च्या दशकात आल्प्समधील मोंते रोझाच्या शिखरावरील मार्गेरिता या ४,५५९ मीटर उंचीच्या निवाऱ्यात झोपलेल्या माणसांच्या छातीची हालचाल नोंदवली होती आणि तिच्यात हेच चढउतार आहेत. ऑक्सिजन कमी पडला की मानेतील धमनीजवळचे संवेदक श्वास वाढवतात. जास्त श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा घटतो. झोपेत श्वासाची प्रेरणा मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइडवर चालते, त्यामुळे तो एका पातळीखाली गेला की मेंदू श्वासाची आज्ञाच देत नाही. मग ऑक्सिजन उतरतो, संवेदक पुन्हा जागे होतात आणि चक्र फिरत राहते. हे तरुण, धडधाकट गिर्यारोहकांमध्येही होते, पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक होते, आणि मुक्काम वाढला तरी कमी होईलच असे नाही. सरासरी ऑक्सिजन मात्र काही रात्रींत सुधारतो. तुमच्या दादाच्या बाबतीत तसेच झाले.

तरीही मी एक गोष्ट आग्रहाने विचारते : दादा घरी घोरतो का? वयानुसार घशाचे स्नायू सैलावतात आणि झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा विकार वाढत जातो. अनेकांमध्ये तो वर्षानुवर्षे ओळखलाच जात नाही. नियतकालिक श्वसनात थांब्याच्या वेळी छाती आणि पोट शांत असतात. घसा मिटलेला असेल, तर छाती आणि पोट झुंजत राहतात, पण हवा आत जात नाही, आणि शेवटी घोरण्याचा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. तुम्ही विजेरीच्या उजेडात पाहिले ते पहिल्या प्रकारचे दिसते, पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. खाली घरी ज्याचा ऑक्सिजन अशा प्रत्येक थांब्यात ९५ वरून ८९ वर येतो, तो वर ८५ पासून सुरुवात करतो आणि तिथून किती खोल जाईल हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून पुढच्या प्रवासाआधी दादाची झोपेची तपासणी करून घ्या, आणि तुमचीही.

सावली

निद्रानोंद यांच्या प्रतिसादाला जोडून आमच्या घरातला एक अनुभव नोंदवते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असताना आम्ही ३,३०० मीटरवर मुक्काम केला. पहिल्या रात्री त्यांना झोप लागेना, कूस बदलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी वय विचारले नाही, घोरण्याबद्दल विचारले नाही आणि झोपेची गोळी लिहून दिली. त्या रात्री सासूबाई गाढ झोपल्या आणि आम्हाला बरे वाटले. पहाटे चहासाठी हाक मारली तर त्या उठेनात. खांदे धरून हलवल्यावर डोळे उघडले, पण आपण कुठे आहोत हे त्यांना सांगता येईना. ओठ निळसर झाले होते आणि ऑक्सिमीटर ६६ दाखवत होता. ऑक्सिजन लावून आम्ही त्यांना त्याच सकाळी १,२०० मीटर खाली उतरवले आणि दुपारपर्यंत त्या पूर्ववत झाल्या. झोप न लागणे हे त्यांचे शरीर स्वतःला जागे ठेवून सावरत असल्याचे लक्षण असावे, हे मला फार उशिरा कळले. उत्तररात्र यांनी त्या रात्री भावाला उठवले ते योग्यच केले, असे मला मनापासून वाटते.

श्वासपट

सावली यांनी लिहिले ते प्रत्येक ज्येष्ठाच्या घरात वाचले जावे. उंचीवर पहिल्या काही रात्री झोप तुटक होणे स्वाभाविक आहे. झोपेतून वारंवार येणारी जाग श्वास पुन्हा सुरू करण्याचे काम करते. काही झोपेच्या गोळ्या आणि मद्य ती जागही दडपतात आणि श्वासही मंद करतात. सगळ्या गोळ्या सारख्याच धोक्याच्या नाहीत, पण कोणती चालेल हे ज्येष्ठ माणसाची प्रकृती पाहिल्याशिवाय ठरवू नये.

नियतकालिक श्वसनावर उपयोगी पडणारे औषध ॲसिटाझोलामाइड आहे. ते मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्ल होते, त्यामुळे श्वासाची प्रेरणा टिकून राहते आणि रात्रीचे थांबे कमी होतात. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. मात्र मूत्रपिंडे कमकुवत असतील, लघवी वाढवणारी दुसरी गोळी चालू असेल किंवा सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी असेल, तर ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. साठीनंतर या तिन्हींपैकी काहीतरी निघण्याची शक्यता बरीच असते. रात्री लघवीला उठावे लागते हेही लक्षात घ्या. अंधारात, अनोळखी खोलीत पडणे हा ज्येष्ठांसाठी लहान धोका नाही.

ऑक्सिमीटर आणखी एक गोष्ट सांगत नाही. तो हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे एवढेच दाखवतो, हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. हिमोग्लोबिन १० असलेल्या व्यक्तीचे ८५ आणि १५ असलेल्याचे ८५ हे आकडे दिसायला सारखे आहेत, पण पहिल्याच्या रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी आहे. म्हणून ज्येष्ठांनी जाण्यापूर्वी हा साधा रक्ततपास करून घ्यावा.

रोगनिदानाच्या दृष्टीने उलट टोकही पाहण्यासारखे आहे. आयुष्यभर उंचीवर राहणाऱ्या काही लोकांत वयानुसार हिमोग्लोबिन अतोनात वाढत जाते. पेरूचे कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात या विकाराचे वर्णन केले आणि तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुरुषांत हिमोग्लोबिन २१ ग्रॅम आणि स्त्रियांत १९ ग्रॅमपर्यंत किंवा त्यापुढे गेले की तो मानला जातो. स्त्रियांत तो प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतर दिसतो, कारण श्वासाला चालना देणारे प्रोजेस्टेरॉन हे स्त्रियांतील संप्रेरक तोवर ओसरलेले असते. झोपेत वर्षानुवर्षे होणारी ऑक्सिजनची घट या विकाराला हातभार लावते, असे मानले जाते.

मध्यमा

रात्री किती आकड्याखाली गेले की उठवावे किंवा खाली न्यावे, असा एखादा आकडा देता येईल का?

श्वासपट

एक आकडा दिला तर तो चुकीच्या जागी धीर देईल किंवा चुकीच्या जागी घाबरवेल. क्षणभर ७४ होऊन परत ८० वर जाणारा आणि सतत ७४ वर रेंगाळणारा, ही दोन वेगळी माणसे आहेत. जागे करून बसवल्यावर पाचदहा मिनिटांत आकडा दिवसाच्या पातळीला आला आणि माणूस स्पष्ट बोलला, तर सहसा थांबता येते. आकडा वर येतच नसेल, सोबतच्या इतरांपेक्षा बराच खाली असेल, विश्रांतीतही दम लागत असेल, छातीत घरघर किंवा फेसाळ खोकला असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन लावावा आणि खाली उतरवावे.

उत्तररात्र

सर्वांचा ऋणी आहे. निद्रानोंद यांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनीही झोपेची तपासणी करून घेतली. माझी ठीक निघाली. दादाचा श्वास तासाला २२ वेळा अडतो आणि त्यातले बहुतेक सगळे थांबे घसा मिटल्यामुळे होतात. वहिनींना त्याचे घोरणे ३० वर्षांपासून माहीत होते, पण तो आजार असेल असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते. आता तो सीपॅप यंत्र (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे) लावून झोपतो. पहिला आठवडा मुखवटा काढून फेकण्यात गेला; परवा सकाळी मात्र तो स्वतःहून म्हणाला की दुपारची डुलकी लागेनाशी झाली आहे. पुढच्या वर्षी जाताना २,५०० मीटरवर दोन रात्री थांबून मग वर जायचे, असे ठरवले आहे. हे यंत्र त्या उंचीवर चालेल का?

निद्रानोंद

प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ते किती उंचीपर्यंत योग्य दाब देऊ शकते हे छापलेले असते, आणि अनेक यंत्रांची मर्यादा तुमच्या मुक्कामाच्या खालीच संपते. ती आधी पाहा. काही यंत्रे उंचीनुसार स्वतः जुळवून घेतात, काहींत ते हाताने बसवावे लागते. वर वीज खात्रीची नसेल तर बॅटरी लागेल आणि हवा कोरडी असल्यामुळे आर्द्रता देणारी टाकीही सोबत घ्यावी लागेल. यंत्राने दादाच्या घशाचा प्रश्न सुटेल, पण तुम्ही पाहिलेले २५ सेकंदांचे चक्र केवळ त्याने थांबेलच असे नाही. अशा रुग्णांत यंत्रासोबत ॲसिटाझोलामाइड दिल्याने अधिक फायदा झाल्याचे दिसले आहे, तेव्हा त्याबद्दल दादाच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. आणि निघण्यापूर्वी घरीच तीन रात्री दोघांच्याही बोटाला रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावून त्याचा कागद सोबत न्या, म्हणजे वर दिसणारा आकडा कशाशी ताडून पाहायचा हे तुम्हाला माहीत असेल.